गोळी घशाखाली उतरताना

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात. झाडावरून उतरवायचा, वाळवायचा आणि बाजारात न्यायचा. त्यातलाच एखादा हिरडा घरातल्या बाळगुटीच्या डब्यात जातो. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड आणि जायफळ यांच्या जोडीने सहाणेवर त्याचे एक-दोन वेढे उगाळले जातात आणि चमच्याने बाळाच्या जिभेवर सोडले जातात. आपल्याकडच्या माणसाचं औषधाशी पहिलं नातं असं जुळतं. औषध कडू असेल, तुरट असेल, पण ते पातळ असतं. पुढे मधातलं चाटण येतं, मग सर्दी-तापाचं गुलाबी सिरप येतं. आणि एके दिवशी, आठव्या-दहाव्या वर्षी, कोणीतरी तळहातावर एक कोरडी, टणक, न चावायची गोळी ठेवतं आणि म्हणतं, ‘गिळ.’

ती कशी गिळायची हे कोणी सांगत नाही. ज्याला जमतं त्याला जमतं. ज्याला जमत नाही तो उलटी काढतो, गोळी गालात धरून ठेवतो किंवा कोणाचं लक्ष नाही असं पाहून खिडकीबाहेर टाकतो. मोठी माणसंही हेच करतात, फक्त जास्त गुपचूप. घरात अशा माणसाला नखरेल म्हणतात, दवाखान्यात तो ‘औषध नीट घेत नाही’ म्हणून बोलणी खातो. गोळी न उतरणं हा धीराचा प्रश्न नाही, असं माझं ठाम मत आहे. पोहणं किंवा सायकल चालवणं जसं शिकावं लागतं तसं हेही शिकावं लागतं, आणि शिकवलं तर बहुतेकांना येतं.

या दोन तालुक्यांत गोळी गिळायची वेळ कोणाकोणावर येते ते पाहा. आपटाळ्याच्या किंवा अडिवऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून गरोदर बाईला लोहाच्या लाल गोळ्या मिळतात. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, रोज एक. आश्रमशाळांतल्या आणि हायस्कूलच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, गुरुजी-बाईंच्या देखत निळी गोळी घ्यायची असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. साठीच्या पुढच्या घरात रक्तदाबाची एक, साखरेच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक असा रोजचा रतीब असतो. आणि क्षयरोग झाला, तर सहा महिने गोळ्यांचाच हिशेब. एवढं सगळं ज्या एका कृतीवर अवलंबून आहे ती कृती मात्र आपण नशिबावर सोडून दिली आहे.

आधी गिळणं म्हणजे काय ते पाहू. घास चावून झाला की जीभ तो गोळा करते, टाळूला टेकते आणि मागे ढकलते. इथपर्यंतचं काम आपल्या मर्जीने चालतं. घास घशाच्या मागच्या भागाला लागला की पुढचं सगळं आपोआप होतं. मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्यावरची झडप मिटते, श्वास क्षणभर थांबतो, आणि एरवी आवळलेलं अन्ननलिकेचं वरचं तोंड उघडतं. हा सगळा प्रकार साधारण एका सेकंदात उरकतो. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळला तर स्वरयंत्र वर जाऊन खाली येताना बोटाला कळतं. मग सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका घासाला खाली नेते. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना आपण पिनेच्या मागे कापड आवळून ती पुढे सरकवतो, तशीच ही नळी घासाच्या मागे आवळत जाते. पोटात पोचायला आठ-दहा सेकंद लागतात.

या यंत्रणेला मऊ, ओलसर, लाळेत गुंडाळलेला घास हवा असतो. गोळी यातलं काहीच नाही. शिवाय लहानपणापासून आपल्याला ‘चावून खा, बी गिळू नकोस, काटा बघ’ असंच सांगितलेलं असतं. न चावलेली टणक वस्तू जिभेच्या मुळाशी गेली की ती बाहेर फेकायची, हे शरीराने चांगलं घोटून ठेवलं आहे. उबळ येते ती यातूनच. माणूस घाबरला की तोंडाला कोरड पडते, जीभ ताठ होते, घशाचे स्नायू आवळतात आणि तीच गोळी आणखी मोठी वाटते. ‘घाबरू नकोस, गीळ पटकन’ असं शेजारी उभं राहून सांगणाऱ्याने काम सोपं न होता अवघड होतं.

आता आपल्या एका सवयीकडे येऊ. आपण पाणी वरून पितो. तांब्या उचलायचा, मान मागे टाकायची, भांड्याला ओठ न लावता धार सोडायची आणि घसा उघडा ठेवून घटाघटा उतरवायची. उष्टं होऊ नये म्हणून ही पद्धत चांगलीच आहे, पण गोळीसाठी फार गैरसोयीची. मान मागे टाकली की स्वरयंत्राला वर उचलायला अडचण होते आणि श्वासनलिकेचं तोंड नीट मिटायला हवं तेव्हा ताणलेलं राहतं. ठसका लागण्याची शक्यता वाढते. त्यातच ओठ उघडे असल्याने पाण्याबरोबर हवा आत जाते, जिभेला गोळी मागे ढकलता येत नाही, आणि पाणी निघून जाऊन गोळी जिभेवर तशीच राहते. हा अनुभव बहुतेकांना असेल. मग दुसरा घोट, तिसरा घोट, तोवर गोळी विरघळून कडवट चोथा झालेला. गोळीचं पाणी ओठ लावूनच प्यावं. घरात त्यासाठी एक वेगळा पेला ठेवला की उष्ट्याचा प्रश्नही उरत नाही.

जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठाच्या डॉक्टरांनी यावर २०१४ साली एक साधा आणि फार उपयोगी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी १५१ प्रौढांना वेगवेगळ्या आकाराच्या, औषध नसलेल्या गोळ्या आणि कॅप्सूल गिळायला दिल्या आणि ज्या सर्वांत अवघड गेल्या त्या दोन नव्या पद्धतींनी पुन्हा गिळायला सांगितल्या. साध्या गोळ्यांसाठी पहिली पद्धत होती. तिच्यामुळे सुमारे ६० टक्के वेळा गिळणं सोपं झालं. कॅप्सूलसाठी दुसरी होती, आणि तिचा फायदा जवळपास ८९ टक्के वेळा दिसला. दोन्हींना खर्च नाही आणि दोन्ही घरच्या घरी करता येतात.

पहिली पद्धत गोळीची. एसटी स्टँडवर मिळते तसली मऊ प्लास्टिकची पाण्याची बाटली काठोकाठ भरून घ्यायची. आधी एक घोट नुसता पाण्याचा घ्यायचा, तोंड आणि घसा ओला करायला. गोळी जिभेवर ठेवायची. बाटलीचं तोंड ओठांनी घट्ट धरायचं, मधे फट नको. मग पाणी ओढायचं. बाटलीत हवा जाऊ द्यायची नाही, म्हणजे ओढता ओढता बाटली आत चेपत जाते. आणि तोंडात पाणी आल्याबरोबर, थांबून विचार न करता, त्याच ओघात गिळून टाकायचं. ओढणं आणि गिळणं यांत खंड पडला नाही की गोळी पाण्याबरोबरच मागे जाते आणि आपल्याला तिचा वेगळा पत्ताही लागत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा नुसत्या पाण्याने सराव करावा. स्टीलच्या किंवा काचेच्या बाटलीने हे जमत नाही, कारण ती चेपत नाही.

कॅप्सूलचं गणित उलटं आहे. साधी गोळी पाण्यात बुडते, कॅप्सूल हलकी असते आणि तरंगते. मान मागे टाकली की ती तरंगत पुढे, दातांकडे येते आणि पाणी एकटंच खाली उतरतं. म्हणून कॅप्सूल जिभेवर ठेवून पाण्याचा मध्यम घोट तोंडात घ्यायचा, गिळायचा नाही. मग हनुवटी छातीकडे झुकवायची, जमिनीकडे पाहिल्यासारखी. कॅप्सूल तरंगत घशाच्या बाजूला जाते. मान खालीच ठेवून गिळायचं. मान खाली घालून गिळणं पहिल्यांदा विचित्र वाटतं, कारण आयुष्यभर आपण उलटं केलेलं असतं. पण ज्यांना कॅप्सूल टाळूला चिकटून बसते त्यांनी हे एकदा करून पाहावंच. चिकटण्याचं कारण तिचं जिलेटिनचं कवच. कोरड्या तोंडात ते लगेच चिकट होतं, म्हणून आधीचा नुसता घोट इथे जास्तच महत्त्वाचा.

पाणी नकोच वाटत असेल तर घासाचा आधार घ्यावा. मऊ भाताचा, केळ्याचा किंवा दुधात न भिजवलेल्या, नुसत्या वरणात कुस्करलेल्या भाकरीचा घास नीट चावायचा. गिळायच्या बेतात आला की त्यात गोळी सरकवायची आणि घासासकट गिळायची. शरीराला ओळखीचा घास मिळतो आणि उबळ येत नाही. दूध मुद्दाम टाळलं. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांचंही दूध-दह्याने नुकसान होतं. थायरॉइडची गोळी तर सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबरच, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. आपल्याकडे सकाळच्या चहाच्या कपाबरोबर सगळ्या गोळ्या उरकायची पद्धत आहे. गोळी घशाखाली जाते, पण तिच्यातलं औषध अंगी लागतंच असं नाही. लोहाच्या गोळीबरोबर लिंबाचं पाणी घेतलं तर मात्र लोह शोषायला मदत होते.

पाणी किती हे विचारण्यासारखं आहे, कारण एका घोटात काम भागतं अशी समजूत आहे. किमान अर्धा पेला, म्हणजे शंभर मिलीलीटर तरी हवं. भीमाशंकरच्या बाजूने घोडेगावला किंवा मंचरला उतरणारी माणसं जीपमध्ये दाटीने बसलेली असतात. पाण्याची बाटली सोबत नसते, मग गोळी आवंढ्याबरोबर कोरडीच गिळली जाते. दुसरी वेळ रात्रीची. अंथरूण घातलेलं असतं, दिवा मालवायच्या आधी गोळी तोंडात टाकून एक घोट पाणी आणि लगेच आडवं. दोन्ही वेळा गोळी अन्ननलिकेत मधेच थांबू शकते. ही नळी सगळीकडे सारखी रुंद नाही. महाधमनी तिला टेकते तिथे आणि छाती-पोटामधल्या पडद्यातून ती जाते तिथे ती जरा अरुंद असते. थांबलेली गोळी तिथेच विरघळते आणि तिच्यातलं औषध नळीच्या अस्तराला भाजतं. छातीच्या मध्यभागी टोचल्यासारखं दुखतं, गिळताना कळ येते, आणि घरच्यांना वाटतं हृदयाचं काहीतरी आहे.

सगळ्याच गोळ्या असं करत नाहीत. डॉक्सिसायक्लिन यात सर्वांत बदनाम आहे. लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस या तापांवर ती देतात. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहणाऱ्या माणसाला ती मिळण्याचा संभव असतो, आणि दिवसभर वाकून थकलेला तो माणूस गोळी घेऊन लगेच आडवा होतो. लोहाच्या गोळ्या, पोटॅशियमच्या गोळ्या, अंगदुखीवरची डायक्लोफेनॅकसारखी औषधं आणि हाडं ठिसूळ झाल्यावर आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेट यांचंही तसंच. ॲलेंड्रोनेटसाठी नियमच आहे की सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हा अर्ध्या तासाचा नियम बाकीच्या गोळ्यांनाही लावला तर चांगलंच.

गोळी गेली तरी ती अडकल्यासारखं वाटत राहतं, ही तक्रार मात्र वेगळी. जाता जाता ती अस्तराला घासून गेली की तिथली टोचणी तास-दोन तास टिकते. अशा वेळी बसून राहावं, घोट घोट पाणी प्यावं, केळं किंवा दोन घास मऊ भात खावा. बोट घालून उलटी काढू नये. स्वतःची लाळही गिळता येईनाशी झाली, छातीत जोरात दुखायला लागलं, उलटीत रक्त दिसलं किंवा दुसऱ्या दिवशीही गिळताना दुखत राहिलं, तर दवाखाना गाठायला हवा.

आता सहाणेकडे परत वळणं भाग आहे. गोळी जात नाही म्हटल्यावर आपल्या घरात पहिला उपाय सुचतो तो ती कुटायचा. चमच्याने चिरडायची, पाण्यात कालवायची, पिऊन टाकायची. बाळगुटीपासून अंगवळणी पडलेली ही रीत आहे आणि ती मायेपोटीच येते. काही गोळ्यांना ती चालतेही. पण आजच्या बऱ्याच गोळ्यांची रचनाच अशी असते की त्या आख्ख्याच पोटात जायला हव्यात. पाकिटावर औषधाच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एक्सएल यांपैकी काही अक्षरं असतील तर ते औषध बारा किंवा चोवीस तास थोडं थोडं सुटावं अशी योजना असते. ती गोळी चिरडली की दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. रक्तदाबाची अशी गोळी कुटून दिली तर म्हातारं माणूस उठता उठता चक्कर येऊन पडू शकतं. साखरेची मेटफॉर्मिन एसआर चिरडली तर दिवसभर मिळायचं औषध सकाळीच संपतं आणि पोट बिघडतं. याच मेटफॉर्मिनची रिकामी टरफलं कधी शौचात आख्ख्या गोळीसारखी दिसतात आणि लोक घाबरतात, ‘गोळी पचलीच नाही’ म्हणतात. औषध आतल्या आत निघून गेलेलं असतं, बाहेर येतं ते कवच.

दुसरा प्रकार आम्लात न विरघळणाऱ्या आवरणाचा. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल यांसारख्या पित्ताच्या गोळ्यांना असं आवरण असतं, नाहीतर जठरातलं आम्ल औषधच नासवून टाकतं. हृदयरोग्यांना रोज द्यायच्या कमी मात्रेच्या ॲस्पिरिनलाही बऱ्याचदा असतं, ते जठराला त्रास होऊ नये म्हणून. उलट हृदयविकाराचा झटका आला असताना डॉक्टर ॲस्पिरिन चावायला सांगतात, कारण तेव्हा ती लवकर रक्तात जायला हवी असते. आणि छातीत दुखताना जिभेखाली ठेवायला दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी गिळून टाकली तर तिचा गुण यायला वेळ लागतो. म्हणजे गिळायची, चावायची की जिभेखाली धरायची हे औषधागणिक बदलतं, आणि ते देणाऱ्याला विचारूनच ठरवावं. गोळीच्या मधोमध खाच असेल तर ती बहुतेक वेळा मोडता येते. तरीही मेडिकलवाल्याला पाकीट दाखवून ‘ही मोडली तर चालेल का, कुटली तर चालेल का’ एवढं विचारावं. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि हे सांगणं त्याचं काम आहे.

क्षयरोगाच्या गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात रोजच्या उपचाराची पद्धत आली. पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत एकत्र असतात आणि पुढचे चार महिने तीन. रोज किती गोळ्या घ्यायच्या हे वजनावर ठरतं. ३५ ते ४९ किलो वजनाला रोज तीन, ५० ते ६४ किलोला रोज चार. म्हणजे ५५ किलोचा माणूस २४ आठवड्यांत ६७२ गोळ्या गिळतो. आजाराने वजन उतरलेलं, तोंडाला चव नाही, मळमळ, आणि समोर चार मोठ्या गोळ्या. ‘सगळ्या एकदम घ्या’ असं त्याला सांगितलेलं असतं. या ‘एकदम’चा अर्थ एकाच वेळेला, एकाच बैठकीत. चारही गोळ्या एका घासात तोंडात टाका असा नाही. एक गोळी, तीन-चार घोट पाणी, आवंढा, श्वास, मग दुसरी. दहा मिनिटं लागली तरी काही बिघडत नाही. आशाताई किंवा घरचं जे कोणी समोर बसून गोळ्या देतं त्यांनी एवढा धीर ठेवला, तर औषध मधेच सोडणारे काही जण नक्की टिकतील. लघवी लालसर-केशरी झाली तर ती रिफाम्पिसिनची खूण आहे, भ्यायचं कारण नाही. मळमळ फार होत असेल तर गोळ्या बंद न करता केंद्रावर सांगावं. वेळ बदलता येते, मळमळीवर औषध देता येतं. लहान मुलांसाठी या औषधांच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या कार्यक्रमातच मिळतात. त्या थोड्या पाण्यात घालून, विरघळल्या की लगेच पाजायच्या आणि पेला विसळून ते पाणीही द्यायचं. मोठ्यांच्या गोळ्या मोडून मुलाला देण्याची वेळच येऊ नये.

मुलांना गोळी गिळायला शिकवायची तर आजारपणाआधी शिकवावी, ताप आलेला असताना नाही. साधारण चार-पाच वर्षांच्या पुढचं, समजून घेणारं मूल हे खेळासारखं शिकतं. आपल्याकडे त्याला संक्रांतीचा हलवा फार सोयीचा आहे. त्याचे दाणे लहान-मोठे असतात, गुळगुळीत नसले तरी साखरेचे असल्याने अडकले तरी विरघळतात. सगळ्यांत बारीक दाण्यापासून सुरुवात करावी. मूल सरळ बसलेलं हवं, खेळत-हसत-पळत नको. दाणा जिभेवर, पाण्याचा घोट, गिळ. तीन-चार वेळा न चुकता गेला की थोडा मोठा दाणा. न जमल्यास परत लहानावर यायचं आणि तो दिवस तिथेच थांबवायचा, म्हणजे शेवट जमलेल्या दाण्यावर होतो. कॅनडात संशोधकांनी मुलांना मान सरळ, वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा वेगवेगळ्या बाजूंना ठेवून सराव करायला लावला होता. काही मुलांना मान एका बाजूला वळवून गिळणं सर्वांत सोपं गेलं. म्हणून एकच पद्धत सगळ्यांवर लादू नये.

त्याहून लहान मुलाच्या तोंडात गोळी जबरदस्तीने घालणं मात्र जिवावर बेतू शकतं. इथिओपियात २००७ साली जंताच्या गोळ्या देताना लहान मुलं गुदमरून दगावली होती. आपल्याकडच्या जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात. ती चावून खायची असते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी आणि दोन ते तीन वर्षांच्या मुलाला आख्खी, पण दोन्ही वेळा चुरून पाण्यात कालवून. मूल रडत असेल, हातपाय झाडत असेल, तर थांबायचं. अंगणवाडीत गोळी वाटताना रांग लांब असली तरी या एका बाबतीत घाई नको. आणि ज्या बाळाला चाटण द्यायचं ते वर्षाच्या आतलं असेल तर त्यात मध नको.

आश्रमशाळेतल्या निळ्या गोळीबद्दल एक विनंती. मुलींना ती नको असते ती चवीमुळे, मळमळीमुळे आणि काळ्या शौचाच्या भीतीमुळे. शौच काळं होणं लोहामुळेच असतं, हे आधी सांगितलं की निम्मी भीती जाते. उपाशीपोटी कधी देऊ नये. आणि ती गालात धरून ठेवायला लावणारी घाई टाळून, रांगेत उभ्याने न देता बसवून, प्रत्येकीच्या हातात पेलाभर पाणी देऊन द्यावी. लोह तोंडात किंवा अन्ननलिकेत रेंगाळलं तर तेही भाजतं.

म्हातारपणी अडचण वेगळीच असते. लाळ कमी होते, आणि ॲलर्जीच्या, झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्या ती आणखी कमी करतात. दात नसतात, मान वाकलेली असते, हात कापतो. इथे पाणी आधी, पाणी नंतर, आणि गोळ्या एकेक, हेच तत्त्व. डॉक्टरांना एकदा सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जाऊन दाखवावी. त्यांतल्या एक-दोन नको असतात, दोन औषधं एकाच गोळीत मिळू शकतात, काही औषधं पातळ रूपात किंवा पाण्यात विरघळणारी मिळतात. गोळ्यांचा आकार हा औषध बनवणाऱ्यांनाही विचार करायला लावणारा विषय आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ साली जेनेरिक गोळी-कॅप्सूल २२ मिलिमीटरपेक्षा लांब असू नये असं सुचवलं आहे. त्यामुळे ‘ही फार मोठी आहे, हिच्याऐवजी लहान मिळेल का’ असं विचारण्यात संकोच नको. लांबट आणि आवरण असलेली गोळी त्याच वजनाच्या गोल, खडूसारख्या गोळीपेक्षा सहज सरकते, आणि तेच औषध दुसऱ्या कंपनीचं लांबट असू शकतं.

नुसतं पाणी पितानाही ठसका लागत असेल, जेवताना आवाज ओलसर, घोगरा होत असेल, घास तोंडातच राहत असेल, तर वर सांगितलेल्या कुठल्याच युक्त्या करू नयेत. पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सनमध्ये गिळण्याची यंत्रणाच बिघडलेली असू शकते आणि पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अशा माणसाची आधी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. मग औषध कसं द्यायचं ते ठरवता येतं.

गोळी श्वासाच्या वाटेत अडकली तर वेळ फार थोडा असतो. माणूस खोकत असेल, बोलत असेल, तर त्याला खोकू द्यावं, पाणी पाजू नये. खोकला, आवाज आणि श्वास बंद झाला असेल तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. न निघाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्यावेत, आणि आलटून पालटून हेच चालू ठेवावं. गरोदर बाईच्या पोटावर झटके न देता छातीवर द्यावेत. एक वर्षाखालच्या बाळाला पालथं धरून पाठीवर थापा आणि मग उताणं करून छातीवर दाब. दुसऱ्या कोणीतरी त्याच वेळी १०८ ला फोन लावावा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला गोळी देताना आधी उशा लावून किंवा पाठीमागे बसून त्याला शक्य तितकं सरळ बसवावं, हनुवटी जराशी खाली. अर्धा तास तसंच ठेवावं. त्यानंतर आडवं करायचं झालं तर उजव्या कुशीवर. जठराचा खालचा दरवाजा उजवीकडे असतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रजत मित्तल यांच्या गटाने २०२२ साली संगणकावरच्या जठराच्या प्रतिकृतीत हे तपासलं. उजव्या कुशीवर गोळी सुमारे १० मिनिटांत विरघळली, सरळ बसलेल्या स्थितीत २३ मिनिटं लागली आणि डाव्या कुशीवर शंभराहून अधिक.